एक ठेका, अनेक गळे : ‘दिवाळी’ रिडिमचं प्रकरण

२००३ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट १०० यादीत जमैकाच्या शॉन पॉल या गायकाचं ‘गेट बिझी’ पहिल्या क्रमांकावर पोहोचलं आणि तीन आठवडे तिथून हललं नाही. त्याच वर्षी वेन वंडरचं ‘नो लेटिंग गो’ याच यादीत अकराव्या क्रमांकापर्यंत गेलं. उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातली लुमिडी नावाची नवखी गायिका ‘नेव्हर लीव्ह यू’ घेऊन तिसऱ्या क्रमांकावर जाऊन बसली. तिन्ही गाण्यांचे गायक वेगळे, सूर वेगळे, शब्द वेगळे. खाली वाजणारा ठेका मात्र एकच होता, आणि त्याचं नाव होतं ‘दिवाळी’.

अनेक गाण्यांखाली वाजणाऱ्या अशा एका ठेक्याला जमैकात ‘रिडिम’ म्हणतात. आफ्रिकेतले आणि कॅरिबियन बेटांवरचे कलाकार एकाच रिडिमवर गाताहेत, असे संग्रह आता अधूनमधून निघतात. कल्पना सगळ्यांनाच आवडते. समुद्राच्या दोन्ही बाजूंची माणसं एका तालावर, यापेक्षा सुंदर काय असणार? पण अशा संग्रहांपैकी बरेच पहिल्या महिन्यानंतर कुणाच्या लक्षात राहत नाहीत. तसं का होतं, हे समजून घ्यायचं तर जो प्रयोग पूर्णपणे यशस्वी झाला त्याची उभी-आडवी तपासणी करावी, असं मला वाटतं. म्हणून हे ‘दिवाळी’चं प्रकरण. त्यात आफ्रिकेतला एकही गायक नव्हता, हे आधीच सांगतो. आफ्रिकेकडे आपण शेवटी येणारच आहोत, कारण ठेक्याचा प्रवास तिथूनच सुरू झाला आणि तिथेच परत गेला.

रिडिमची व्यवस्था

आपल्याकडे भजनी मंडळात गाजलेल्या गाण्याची चाल उचलून तिच्यावर नवे शब्द बसवतात. चाल तीच, शब्द नवे. जमैकातली रिडिमची पद्धत याच्या बरोबर उलटी आहे. तिथे चालही नवी आणि शब्दही नवे. समान असतं ते खालचं अंग, म्हणजे ढोलकाम, बेसचा फिरता तुकडा आणि एखाददुसरं वाद्य. एका निर्मात्याने हे अंग तयार केलं की दहा, वीस, कधी त्याहून जास्त गायक येऊन त्यावर आपापलं गाणं म्हणतात. तिथल्या बोलीत याला ‘व्हॉइस करणं’ म्हणतात.

याची सुरुवात एका चुकीतून झाली. १९६८ च्या सुमारास स्पॅनिश टाउनमध्ये रडी रेडवुड नावाचा एक साउंड सिस्टिमवाला होता. साउंड सिस्टिम म्हणजे मोठमोठे स्पीकर, रेकॉर्ड प्लेअर आणि माइक घेऊन मैदानात नाच भरवणारी मंडळी. ड्यूक रीडच्या ट्रेझर आइल स्टुडिओत रडीसाठी द पॅरागॉन्सच्या ‘ऑन द बीच’ची एक प्रत कापली जात असताना आवाजाचा ट्रॅक राहून गेला. रडीने ती तशीच नेली आणि नाचात वाजवली. संगीत सुरू झालं, गाणं आलं नाही, आणि समोरच्या गर्दीनेच गायला सुरुवात केली. त्यानंतर जमैकातल्या सिंगल रेकॉर्डच्या मागच्या बाजूला आवाजाविना ‘व्हर्जन’ छापण्याची रीत पडली. त्या रिकाम्या जागेत यू-रॉयसारखे डीजे बोलू लागले, आणि तालावर बोलणं हीच एक कला होऊन बसली.

१९७४ मध्ये रूपी एडवर्ड्सने ‘यामाहा स्कँक’ ही रेकॉर्ड काढली. तिच्यावरची सगळी गाणी एकाच ठेक्यावर होती. एकाच रिडिमवरचा पहिला आल्बम म्हणून तिचंच नाव घेतात. मग १९८५ चा ‘स्लेंग टेंग’. वेन स्मिथ आणि नोएल डेव्ही या दोघांना कॅसिओ एमटी-४० या छोट्या कीबोर्डमध्ये भरलेला एक तयार ‘रॉक’ ठेका सापडला, किंग जॅमीने तो संथ केला, आणि जमैकाचं संगीत एका झटक्यात संगणकी झालं. तो मूळ ठेका कॅसिओत नुकत्याच लागलेल्या ओकुदा हिरोको या तरुण जपानी संगीतज्ञ बाईंनी बसवला होता. महाविद्यालयात त्यांनी प्रबंध लिहिला होता तो रेगेवरच. त्या एका ठेक्यावर पुढे शेकडो गाणी झाली.

आता पैशाचं गणित. या पद्धतीत प्रत्येकाला काहीतरी मिळतं. निर्माता एकदाच खर्च करतो आणि वीस ठिकाणी नशीब अजमावतो. गायकाला बँडचा, स्टुडिओतल्या वादकांचा खर्च नाही. तो एका दुपारी येऊन गाणं म्हणून जातो. नाचात रेकॉर्ड लावणाऱ्या सेलेक्टरला एकामागून एक दहा गाणी जोडता येतात. वेग तोच, स्वर तोच, त्यामुळे नाचणाऱ्याचा पाय थांबत नाही. याला ‘जगलिंग’ म्हणतात. जो निर्माता फक्त वादकांची बिलं मोजतो, त्याला या पद्धतीचं सामर्थ्य कळत नाही. खरं भांडवल आहे ते नाचणाऱ्याच्या अंगात मुरलेली ओळख. पाचवं गाणं सुरू होईपर्यंत ठेका त्याचा झालेला असतो, आणि मग नवा गायक त्याला परका वाटत नाही.

ठेका जवळून

‘दिवाळी’ बांधली स्टीव्हन ‘लेंकी’ मार्सडेनने. किंग्स्टनच्या स्टुडिओंमध्ये दुसऱ्यांच्या रेकॉर्डवर कीबोर्ड वाजवत त्याने नाव कमावलं होतं. हा ठेका त्याने स्वतःच्या ४०/४० या लेबलवर काढला.

नाव वाचून कुणी त्यात सतार किंवा तबला शोधू नये, नाहीत. त्यात आहेत टाळ्या. हाताने वाजवलेल्या वाटाव्यात अशा, भरपूर, आणि मात्रेवर सरळ न पडणाऱ्या. वेग मिनिटाला शंभर ठोक्यांच्या आसपास, म्हणजे चालण्यापेक्षा जलद आणि धावण्यापेक्षा संथ. या वेगावर टाळी मात्रेच्या जरा अलीकडे-पलीकडे सरकत राहते आणि कान सतत तिच्या मागे जातो. हेडफोन लावून ‘गेट बिझी’ ऐकताना आवाजाकडे दुर्लक्ष करून फक्त टाळ्यांचा माग काढावा. दोन-तीन फेऱ्यांत ध्यानात येतं की अंग हलतंय ते ड्रमने नाही, टाळ्यांनी. त्यांच्याखाली बेसचा एक छोटा, काहीसा गडद तुकडा फिरत राहतो. बाकी जागा मोकळी.

ही मोकळी जागाच लेंकीची खरी कमाल आहे. निर्मात्याला भरण्याचा मोह होतो. एखादी धून टाकावी, एखादा कोरस, मध्येच सायरन. लेंकीने ते टाळलं. परिणामी तीन गायकांना एकाच ठेक्यावर तीन घरं बांधता आली. शॉन पॉलने जवळजवळ एकाच सुरावर, टाळ्यांच्या फटीत अक्षरं बसवत, दम न सोडता आपलं गाणं रेटलं. वेन वंडरने त्याच ठेक्यावर मऊ स्वरांचा पडदा सोडून सरळ प्रेमगीत गायलं. न सांगता ऐकवलं तर बरेच जण तो ठेका ओळखणार नाहीत. लुमिडीच्या गाण्यात निर्माता डीजे टेडस्मूथने वरचं बरंचसं काढून टाकलं. टाळ्या, ढोल आणि तिचा थोडा कच्चा, शेजारच्या मुलीसारखा आवाज, एवढंच उरलं. मला विचाराल तर या ठेक्याचा सर्वांत धीट वापर तिनेच केला.

आणि हे तीन फक्त अमेरिकेला कळलेले. लंडनच्या ग्रीनस्लीव्ह्ज कंपनीने २००२ मध्ये आपल्या रिदम आल्बम मालिकेतला २७ वा अंक म्हणून ‘दिवाळी’ काढला. बाउंटी किलरने याच ठेक्यावर ‘सफरर’ म्हटलं, गरिबीत पिचलेल्या माणसाचं गाणं. टी.ओ.के. या चौकडीने ‘गलँग गॅल’ हे बायकांना नाचायला लावणारं गाणं केलं. एलिफंट मॅन होता. टॅन्या स्टीफन्सने ‘कान्ट टच मी नो मोअर’मध्ये आपल्या अटींवर बोलणारी बाई उभी केली, नुसत्या शब्दांकडे पाहिलं तर या सगळ्यांत मी तिच्या गाण्याला सर्वांत वर ठेवीन. नाच, प्रेम, उपास, मोडलेलं नातं हे सगळं एका ठेक्यावर मावलं, कारण बेसचा तो गडद तुकडा आनंदाचाही नाही आणि दुःखाचाही नाही. त्याचा रंग गायकाने ठरवायचा.

नाव आणि माणसं

‘दिवाळी’ हे नाव जमैकात अगदीच आकाशातून पडलेलं नाही. गुलामगिरी संपल्यावर मळ्यांवर राबायला माणसं हवी होती, म्हणून १८४५ च्या मे महिन्यात ‘ब्लंडेल’ हे जहाज भारतीय मजुरांना घेऊन ओल्ड हार्बर बंदराला लागलं. १९१७ पर्यंत असे ३६,००० हून जास्त लोक जमैकात नेले गेले. बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश आणि बिहारकडचे; त्यांत मराठी माणूस शोधू गेलं तर फारसं काही हाती लागणार नाही. त्रिनिदादला यापेक्षा कितीतरी जास्त लोक गेले. तिथे दिवाळीची सार्वजनिक सुट्टी असते, आणि लग्नात व होसेच्या, म्हणजे तिथल्या मोहरमच्या, मिरवणुकीत ‘तासा’ वाजतो. पुण्याच्या गणपती मिरवणुकीत ज्याने ताशा ऐकलाय त्याला तो ओळखीचा वाटेल. ‘दिवाळी’तल्या टाळ्या तिथूनच आल्या, असा दावा मात्र मी करणार नाही.

एक दुवा पक्का आहे. शॉन पॉल आणि वेन वंडर यांना अमेरिकन बाजारात पोहोचवणारी कंपनी म्हणजे न्यूयॉर्कमधल्या क्वीन्सची व्हीपी रेकॉर्ड्स. व्ही म्हणजे व्हिन्सेंट चिन, पी म्हणजे पॅट्रिशिया चिन. पॅट्रिशियाबाईंचे वडील भारतीय वंशाचे, आई चिनी वंशाची. किंग्स्टनमध्ये ‘रँडीज’ नावाचं रेकॉर्डचं दुकान नवरा-बायकोने चालवलं, वर स्टुडिओ थाटला, सत्तरच्या दशकात अमेरिकेला गेले आणि परदेशी राहणाऱ्या जमैकन माणसांना घरची गाणी विकता विकता कंपनी उभी केली. २००२ मध्ये व्हीपीने अटलांटिक या बड्या कंपनीशी करार केला. दोन गोष्टी अगदी वेळेवर एकत्र आल्या : ज्याच्यावर दोन गायकांची गाणी तयार आहेत असा ठेका, आणि अमेरिकेतल्या प्रत्येक रेडिओपर्यंत पोहोचणारा रस्ता. शॉन पॉलच्या ‘डटी रॉक’ला २००४ मध्ये सर्वोत्तम रेगे आल्बमचा ग्रॅमी मिळाला. व्हीपीने ग्रीनस्लीव्ह्जही २००८ मध्ये विकत घेतली.

‘दिवाळी’च्या पाठोपाठ स्कॅटा बरेलचा टाळ्यांनी भरलेला दुसरा रिडिम आला. त्यावरचं नीना स्काय या जुळ्या बहिणींचं गाणं २००४ मध्ये अमेरिकेत चौथ्या क्रमांकावर गेलं. त्या रिडिमचं नाव ‘कुली डान्स’. कॅरिबियन बेटांवर भारतीय वंशाच्या माणसाला हिणवायला हाच शब्द वापरला गेला आहे. ठेका उत्तम आहे, आणि ते नाव तरीही खुपतं.

हिशेब

आता या प्रकरणाचा गाभा. तिन्ही मोठ्या गाण्यांच्या लेखन-श्रेयात स्टीव्हन मार्सडेन हे नाव आहे. शॉन पॉलच्या शेजारी आहे, वेन वंडरच्या शेजारी आहे, लुमिडीच्या शेजारीही आहे. डान्सहॉलमध्ये, म्हणजे जमैकातल्या या रिडिमवरच्या नाच-संगीतात, प्रचलित वाटणी अशी : गाण्याच्या रचनेचा अर्धा वाटा ठेका बांधणाऱ्याचा, अर्धा वर गाणाऱ्याचा. ही फक्त रीत आहे आणि तिला फाटेही फुटतात, पण वाटाघाट सुरू होते ती इथून. म्हणजे एका ठेक्यावरची तीन गाणी यादीत चढली की ठेकेदाराला तिन्हींकडून पैसे येतात, आणि गायकाला फक्त आपल्या गाण्याचे. यात अन्याय नाही. गायक त्याच वर्षी पाच इतर ठेक्यांवर गातो. ठेकेदाराचा पाच-सात वर्षांत एखादाच ठेका असा लागतो.

जमैकात हे नेहमीच इतकं सरळ नव्हतं. १९९३ च्या सप्टेंबरमध्ये नवा कॉपीराइट कायदा लागू होईपर्यंत तिथे ब्रिटिशांचा १९११ चा कायदा चालत होता. साठ-सत्तरच्या दशकातल्या वादकांनी दिवसाच्या मजुरीवर जे बेस आणि ढोल वाजवून ठेवले, त्यांवर पुढच्या पिढ्यांनी शेकडो गाणी केली आणि मूळ वादकांना क्वचितच काही मिळालं. रचनाकारांचे हक्क सांभाळणारी जॅकॅप ही संस्था आली १९९८ मध्ये. ‘दिवाळी’ आली तेव्हा कायदा होता, संस्था होती, आणि लेंकी स्वतःच्या लेबलचा मालक होता. दहा वर्षं आधी हाच ठेका आला असता तर या प्रकरणाचा हा भाग फार वेगळा लिहावा लागला असता.

श्रेय आधी लिहिलं नाही तर काय होतं, याचं उदाहरण नेमकं त्याच वर्षीचं आहे आणि ते आपल्या घरातलं आहे. २००२ मध्ये ट्रुथ हर्ट्स या अमेरिकन गायिकेचं ‘अ‍ॅडिक्टिव्ह’ हे गाणं नवव्या क्रमांकापर्यंत गेलं. ते उभं होतं १९८१ च्या ‘ज्योती’ चित्रपटातल्या ‘थोडा रेशम लगता है’ या गाण्याच्या तुकड्यावर. आवाज लताबाईंचा, संगीत बप्पी लाहिरींचं. रेकॉर्डवर लाहिरींचं नाव नव्हतं. प्रकरण लॉस एंजेलिसच्या फेडरल न्यायालयात गेलं आणि लाहिरींना श्रेय दिल्याशिवाय सीडी विकायला न्यायाधीशांनी मनाई केली. एकाच काळात अमेरिकेच्या रेडिओवर दोन ‘भारतीय’ गोष्टी वाजत होत्या. एकीत नाव तेवढं भारतीय आणि रचनाकाराचं श्रेय चोख. दुसरीत आख्खा लताबाईंचा गळा, आणि संगीतकाराला श्रेयासाठी कोर्टात जावं लागलं. मला यातलं दुसरं आजही लागतं.

आणखी एक खटला या संदर्भात महत्त्वाचा आहे. १९८९ मध्ये स्टीली आणि क्लीव्ही या जोडीने ‘फिश मार्केट’ नावाचा ठेका केला. त्याच्या वळणावर शॅबा रँक्सचं ‘डेम बो’ झालं, आणि पुढे पनामा, पोर्तो रिकोमार्गे त्याच तालावर रेगेटन हा आख्खा प्रकार उभा राहिला. स्टीली २००९ मध्ये गेला. २०२१ मध्ये क्लीव्हीने आणि स्टीलीच्या वारसांनी कॅलिफोर्नियात दावा लावला. त्यात नावं वाढत गेली, आणि दीड हजारांहून जास्त गाणी त्या कक्षेत आली. प्रतिवाद्यांचं म्हणणं असं की हा नुसता ताल आहे, आणि तालावर मालकी कुणाची असूच शकत नाही. २०२४ च्या मे महिन्यात न्यायाधीशांनी दावा सुरुवातीलाच फेटाळायला नकार दिला. तीस वर्षं न लिहिलेला हिशेब आता दीड हजार गाण्यांचा झाला आहे. लेंकीचा हिशेब रेकॉर्डबरोबरच लिहिला गेला.

ठेका आफ्रिकेचा किती?

एका रिडिमवर आफ्रिका आणि कॅरिबियन एकत्र, असं म्हणताना लोक समजतात की हे आत्ता इंटरनेटमुळे जमलं. इतिहास फार जुना आहे, आणि मला त्यातला गुंबेचा भाग सर्वांत आवडतो.

जमैकाच्या डोंगरांत पळून गेलेल्या गुलामांच्या वस्त्या होत्या. त्यांना मरून म्हणतात. त्यांचा गुंबे हा ढोल चौकोनी असतो. चार पायांचा, बकरीच्या कातड्याचा, लांबून पाहिलं तर छोटं स्टूल वाटावं असा. १७९६ मध्ये ब्रिटिशांनी ट्रेलॉनी भागातल्या मरूनांना हद्दपार करून कॅनडातल्या हॅलिफॅक्सला पाठवलं. तिथल्या थंडीत चार वर्षं काढल्यावर सुमारे साडेपाचशे माणसं १८०० मध्ये पश्चिम आफ्रिकेत फ्रीटाउनला उतरवली गेली. गुंबे त्यांच्याबरोबर गेला. तिथून किनाऱ्याकिनाऱ्याने पसरत, फर्नांडो पो बेटामार्गे तो अक्राच्या गा लोकांकडे पोहोचला. तिथे त्याला ‘गोमे’ म्हणतात. तिथला गोमे मोठा असतो. वादक त्यावर बसतो, हाताने कातडं वाजवतो आणि टाच दाबून स्वर वर-खाली करतो. पूर्वजांना ज्या खंडातून उचलून नेलं, त्याच खंडाला त्यांच्या वंशजांनी जमैकात घडलेला ढोल परत नेऊन दिला.

पुढे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत ब्रिटिशांच्या वेस्ट इंडीज पलटणी केप कोस्टला होत्या. त्यांचे ब्रासबँडवाले फावल्या वेळात कॅरिबियन धुना वाजवायचे. ते ऐकून स्थानिक वादकांनी आपले बँड काढले, आणि घानाच्या हायलाइफ संगीताची एक मुळी तिथे आहे. उलट दिशेनेही वाहतूक चालू होती : गुलामगिरी संपल्यावर मध्य आफ्रिकेतून करारावर आणलेल्या मजुरांनी जमैकाच्या सेंट थॉमस भागात कुमिनाचे ढोल आणले. भारतीय मजुरांचाही काळ साधारण तोच.

आणि मग झिम्बाब्वे. १९८० च्या १७ एप्रिलच्या रात्री, स्वातंत्र्याच्या समारंभात, बॉब मार्ली रुफारो स्टेडियमवर गायला. ते स्टेडियम आजच्या हरारेतल्या म्बारे या कामगार वस्तीत आहे. त्याच म्बारेतून पुढे झिमडान्सहॉल उभं राहिलं : शोना भाषेत, घरातल्या खोलीत थाटलेल्या स्टुडिओत. चिलस्पॉट रेकॉर्ड्ससारख्या मंडळींनी एक रिडिम काढायचा आणि वस्तीतल्या पोरांनी रांगेने येऊन त्यावर गायचं, ही किंग्स्टनची रीत तिथे जशीच्या तशी रुजली. घानात समिनीला २००६ मध्ये ब्रिटनचा मोबो संगीत पुरस्कार मिळाला, अशायमनच्या स्टोनबॉयला २०१५ मध्ये अमेरिकेचा बीईटी पुरस्कार, आणि शाट्टा वाले २०१९ मध्ये बियॉन्सेच्या आल्बमवर गायला. पूर्व आफ्रिकेत युगांडाचा बेबे कूल आणि केनियाचे नेसेसरी नॉइझ यांनी मिळून ‘ईस्ट आफ्रिकन बॅशमेंट क्रू’ काढली होती. आफ्रिकेला डान्सहॉल शिकवायची गरज कधीच संपली आहे.

मग संग्रह कसा करावा

‘दिवाळी’वरून मी जे घेतो ते असं. संग्रहाची योजना बहुतेक वेळा नावांपासून सुरू होते : घानाचा हा, नायजेरियाचा तो, जमैकाचा एक मोठा, त्रिनिदादची एक गायिका. मग त्यांना चालेल असा ठेका शोधतात. सगळ्यांना चालेल असा ठेका बहुधा मचूळ असतो. लेंकीकडे आधी ठेका होता, आणि तो इतका ठाम होता की गायकांना आपली जागा शोधावी लागली. सुरुवात ठेक्यापासूनच व्हावी, आणि कव्हरवर ठेका बांधणाऱ्याचं नाव गायकांइतकंच मोठं असावं.

गायकांना ठेका पाठवताना तो उघडा पाठवावा. हल्ली फाइल अक्राहून किंग्स्टनला मिनिटात जाते, आणि दोन गायक एकमेकांचं तोंडही न बघता एकाच संग्रहात येतात. पण फाइलबरोबर नमुना म्हणून एखादं गायलेलं गाणं गेलं की पुढचे पाच गायक नकळत त्याच सुरात गातात. शॉन पॉलचं ऐकून वेन वंडरने तसंच गायलं असतं तर त्या दुसऱ्या गाण्याची कुणाला गरज होती? शोना, ट्वी, पिजिन, पात्वा या भाषांची वळणं वेगळी आहेत, शब्दावरचा आघात वेगळ्या जागी पडतो. त्याच आघातांना टाळ्यांच्या फटीत शिरू द्यायचं. इंग्रजी कोरस लादून सगळं सपाट केलं की संग्रह हातचा गेला.

प्रसिद्धीचा क्रमही महत्त्वाचा. जमैकात आधी एकेक सिंगल यायची, नाचात मुरायची, आणि मग संग्रह. आज बरेच जण पहिल्याच दिवशी पंधरा गाणी एकदम सोडतात. स्पॉटिफायवर अशा संग्रहातलं गाणं कलाकाराच्या पानावर मुख्य यादीत येत नाही. खाली ‘अपिअर्स ऑन’ या कप्प्यात जाऊन बसतं. हरारेच्या नवख्या गायकाला त्याच्याच पानावर त्याचं गाणं सापडत नसेल तर त्या एकत्र येण्याचा त्याला काय उपयोग? प्रत्येक गाणं आधी त्या गायकाच्या नावाने यावं, संग्रह नंतर.

वाटणीचा कागद गाणं बाहेर पडण्याआधी सह्या होऊन तयार हवा. जमैकात जॅकॅप, त्रिनिदादला कॉट, घानात घामरो, झिम्बाब्वेत झिमुरा. प्रत्येक देशाची संस्था वेगळी, आणि प्रत्येकीकडे त्या गाण्याची नोंद सारख्याच टक्क्यांनी व्हायला हवी. एका ठिकाणी ठेकेदाराचे पन्नास टक्के आणि दुसऱ्या ठिकाणी शून्य अशी नोंद झाली की पैसे अडकतात, आणि बहुतेक वेळा अडकतात ते ज्याच्याकडे वकील नाही त्याचे.

शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अशा संग्रहांत बहुतेकदा ठेका किंग्स्टनचा, लंडनचा किंवा युरोपातल्या एखाद्या निर्मात्याचा असतो आणि आफ्रिकेतले गायक त्यावर पाहुणे म्हणून येतात. ‘दिवाळी’चा हिशेब पाहिल्यावर याचा अर्थ स्पष्ट होतो : प्रत्येक गाण्याचा अर्धा वाटा पुन्हा त्याच दिशेला जातो. म्हणून निदान दर दुसऱ्या संग्रहाचा ठेका म्बारेतल्या किंवा अक्रातल्या खोलीत बांधलेला असावा, आणि त्यावर व्हॉइस करायला किंग्स्टनचे, पोर्ट ऑफ स्पेनचे गायक यावेत. शॉन पॉलच्या तोडीचा एखादा गायक म्बारेच्या ठेक्यावर गायला आणि ते गाणं चाललं, तर लेखन-श्रेयात त्याच्या नावाशेजारी म्बारेतल्या त्या पोराचं नाव येईल, आणि त्या गाण्याचा अर्धा वाटा झिमुराच्या खात्यातून त्याच्या घरी जाईल.